प्रौढांचे निदान तरी व्हावे

प्रत्येक कचेरीत, प्रत्येक शाळेच्या शिक्षकखोलीत आणि कारखान्याच्या प्रत्येक विभागात एक तरी एककल्ली माणूस असतो. तो डबा एकटा खातो. त्याची नेहमीची खुर्ची दुसऱ्याने घेतली की त्याचा सारा दिवस बिघडतो. त्याला थट्टा कळत नाही, आणि कळलीच तर सगळ्यांचे हसून झाल्यावर कळते. आवडीच्या विषयावर बोलू लागला की तो थांबत नाही. एरवी ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे जात नाही. कामात मात्र त्याच्या हातून सहसा चूक होत नाही. अशा माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. घुम्या, तऱ्हेवाईक, माणूसघाणा, विक्षिप्त, चक्रम. यादी आणखीही लांबविता येईल. या शब्दांत कुतूहल कोठेच नाही, आहे तो केवळ निकाल.

यांतील पुष्कळ माणसे नुसती अबोल असतात आणि त्यांना कोणत्याही वैद्यकीय नावाची गरज नसते, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. परंतु काहींच्या वागण्यामागे जन्मापासूनची एक भिन्नता असते. वैद्यक तिला ऑटिझम म्हणते. मराठीत स्वमग्नता हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. शब्द सुटसुटीत आहे, पण फसवा आहे. ‘मग्न’ म्हटले की माणसाने स्वतःहून बुडी मारल्याचा भास होतो. वस्तुतः अशी व्यक्ती पुष्कळदा समोरच्याचे मन ओळखण्यासाठी इतरांच्या कितीतरी पट कष्ट उपसत असते आणि त्या कष्टानेच थकून बाजूला होते. मेंदूच्या वाढीतील ही भिन्नता आईबापांच्या संगोपनामुळे येत नाही, आणि ती नाहीशी करणारे औषधही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक स्वमग्न होती. दहा हजारांच्या वस्तीत हे प्रमाण ऐंशीच्या घरात जाते. कामावर लागलेल्या आणि टिकलेल्या लोकांत ते कमी असेल, पण शून्य खासच नसेल.

हे ऐंशीजण कोठे आहेत, असा प्रश्न विचारला की डोळ्यांपुढे मुले येतात. विशेष शाळा, पालकांची धावपळ, उपचारकेंद्रे. जणू स्वमग्न मूल अठराव्या वर्षी अदृश्य होते! मूल मोठे होते, नोकरीला लागते, लग्न करते, आणि आपण इतरांसारखे का नाही हा प्रश्न बरोबर घेऊन वावरते. अलीकडे तिशी-चाळिशीतील काही माणसे हा प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जाऊ लागली आहेत. कोणी स्वतःच्या मुलाला तपासणीसाठी नेतो आणि डॉक्टर मुलाविषयी जे विचारतात ते आपल्यालाच लागू पडते आहे, हे ऐकता ऐकता त्याच्या ध्यानी येते. कोणी हातातल्या फोनवर काही वाचतो आणि रात्रभर झोपत नाही. यावर एक ठरलेला आक्षेप आहे. ही मुंबई-पुण्याच्या सुखवस्तूंची चोचले आहेत, आयुष्य निम्मे उलटल्यावर निदान घेऊन करावयाचे काय, असे विचारले जाते. या आक्षेपाची परीक्षा मुंबईत घेण्यापेक्षा शेंद्र्यात घेणे अधिक न्याय्य ठरेल.

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना करमाडच्या अलीकडे शेंद्रा लागते. हे मूळचे मांगीरबाबाच्या यात्रेचे गाव. त्याच्या शिवारात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली, २००१ पासून येथे स्कोडाच्या मोटारी जुळू लागल्या, आणि पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या योजनेत शेंद्रा व बिडकीन मिळून ‘ऑरिक’ नावाचे नवे उद्योगनगर आखले गेले. जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांतून आयटीआय झालेली मुले येथे येतात, चार-सहाजण मिळून एक खोली घेतात, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावरून कंपनीच्या हजेरीपटावर जाण्याची वाट पाहतात.

या मुलांत एक स्वमग्न तरुण आहे, असे समजा. तो सीएनसी यंत्रावर ऑपरेटर आहे. यंत्राशी त्याचे जमते, कारण यंत्र टोमणे मारीत नाही. मोजमापात एका केसाचाही फरक त्याला खपत नाही आणि त्याच्या हातचा माल परत येत नाही. त्याचे हाल होतात ते यंत्राबाहेर. भोंगा वाजला की त्याच्या कानात सुई टोचल्यासारखे होते. जेवणघरातील भांड्यांचा खणखणाट आणि शंभर माणसांचा गलका त्याला सोसत नाही, म्हणून तो उपाशी राहतो किंवा शेडच्या मागे जाऊन खातो. दर आठवड्याला पाळी बदलली की त्याची झोप, भूक आणि शुद्ध तिन्ही विस्कटतात. सुपरवायझर जाता जाता ‘बघून घे रे जरा’ म्हणतो. काय बघावयाचे हे त्याला उमगत नाही, आणि विचारले तर तो उद्धटपणा ठरतो. उशीर झाल्यावर ‘फारच लवकर आलात, साहेब!’ असे कोणी म्हणाले, तर तो घड्याळाकडे पाहून ‘नाही, अकरा मिनिटे उशीर झाला’ असे गंभीरपणे उत्तर देतो. सारी लाइन हसते. त्याने आपले उत्तर बरोबर होते एवढेच टिपलेले असते.

तरीही असा तरुण अनेक वर्षे निभावून नेतो. त्याच्यावर खरे संकट कोसळते ते बढतीच्या दिवशी. उत्तम ऑपरेटर म्हणून त्याला लाइनचा प्रमुख केले जाते, आणि ज्या कामात तो निष्णात होता ते काढून घेऊन ज्यात तो असमर्थ आहे तेच त्याच्या गळ्यात बांधले जाते: माणसांची समजूत काढणे, भांडणे मिटविणे, वरच्यांचा कल ओळखणे. सहा महिन्यांत तो राजीनामा देतो, किंवा आजारी पडतो, किंवा एखाद्या दिवशी सर्वांसमक्ष ओरडतो आणि त्याच्यावर आरोपपत्र येते. आपल्याकडे नोकरीत वर चढण्याची एकच शिडी आहे आणि तिची प्रत्येक पायरी माणसांवर हुकमत गाजविण्याची आहे. ही रचना मुळातच सदोष आहे. स्वमग्न कामगार तिचा पहिला बळी ठरतो, एवढेच.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानसंहितेत याची दखल आहे. लक्षणे बालपणापासून असली पाहिजेत, ही अट तीत कायम आहे. पण सामाजिक मागण्या व्यक्तीच्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पुरती प्रकट होणार नाहीत, असेही तीत मान्य केले आहे. गावी शेत आणि घर एवढेच जग असताना जे खपून गेले, ते शेंद्र्याच्या शेडमध्ये खपत नाही. भिन्नता तीच असते, मागण्या बदललेल्या असतात. प्रौढ वयात स्वमग्नता ‘होत’ नाही, ती उघडी पडते.

मग ती बालपणी का उघडी पडली नाही? याचे उत्तर इतिहासात आणि कायद्यात आहे. लिओ कॅनर यांनी बाल्टिमोरमध्ये अकरा मुलांवरील आपला निबंध १९४३ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी बोलकी, हुशार, पण समाजात न मिसळणारी मुले वर्णिली. दुसरा निबंध जर्मन भाषेत असल्याने उपेक्षित राहिला. लंडनच्या लॉर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि एका स्वमग्न मुलीच्या आईही. त्यांनी १९८१ साली तो इंग्रजी वाचकांपुढे आणला. बोलणारा, शिकलेला, नोकरी करणारा माणूसही स्वमग्न असू शकतो ही समजूत वैद्यकात रुजली ती त्यानंतर. भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, त्यांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण त्या कायद्याचा भर पालकत्वावर व सांभाळावर होता. मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला, एप्रिल २०१७ मध्ये अंमलात आला, आणि त्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेला प्रथमच पूर्ण स्थान मिळाले. हिशेब सरळ आहे. ज्याचा जन्म १९९५ पूर्वीचा, तो पहिल्या तपासणीआधीच वयाने बाद झाला. आज तिशी ओलांडलेल्या पिढीला प्रौढपणीच विचारावे लागते, कारण बालपणी विचारण्याची खिडकीच उघडलेली नव्हती.

आता खिडकी उघडली आहे, पण तिच्यापर्यंत पोचण्याला किंमत पडते. सरकारी रुग्णालयात केसपेपरचे पैसे नगण्य असतात. पैसा जातो तो अन्यत्र. शेंद्र्यातील कामगाराला शहरात घाटी रुग्णालय आहे, वाटेत चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय आहे, ज्याला लोक ‘मिनी घाटी’ म्हणतात. परंतु प्रौढाचे निदान एका भेटीत होत नाही. मानसोपचारतज्ज्ञाची मुलाखत, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्या, घरच्यांची मुलाखत, पुन्हा भेट. ठेकेदाराच्या कामगाराला प्रत्येक भेट म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि खाडे वाढले तर ठेकेदाराला दुसरा माणूस मिळतोच. शिवाय मुलांची स्वमग्नता ओळखणारे तज्ज्ञ मुळात थोडे, प्रौढांची ओळखणारे त्याहून थोडे, आणि जे आहेत ते बहुतेक मुंबई, पुणे, बंगळूर येथे एकवटलेले. राज्याची ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेरच आहेत. स्वमग्नतेसाठी मनोरुग्णालयाची गरज नसते हे खरे. पण जेथे मोठी संस्था नसते तेथे तिच्याभोवती वाढणारे तज्ज्ञांचे मनुष्यबळही नसते.

सर्वांत मोठी अडचण मात्र पैशाची नाही, आठवणीची आहे. निदानासाठी बालपणाचा इतिहास लागतो. मूल पहिला शब्द कधी बोलले, बोट दाखवून वस्तू मागत असे काय, इतर मुलांत खेळत असे काय, हे आईने सांगावयाचे. बीड जिल्ह्यातील जी आई दर हंगामात ऊसतोडीला जात होती आणि मुलाला आजीजवळ ठेवीत होती, तिला त्याचा पहिला शब्द कोठून आठवावा? आजी गेलेली असते. बालवाडीच्या बाईंनी नोंद ठेवलेली नसते. शाळेच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ असा शेरा असतो. जो मुलगा कोणाशीच बोलत नाही त्याची वर्तणूक आपल्या शाळांत नेहमीच चांगली असते. घरचे म्हणतात, ‘लहानपणी फार शहाणा होता, एका जागी बसायचा.’ डॉक्टरला जी खूण हवी असते तीच घरच्यांच्या तोंडी कौतुक होऊन आलेली असते. हे कौतुक वाचावयास शिकलेला डॉक्टर मिळाला तर निदान होते.

प्रश्नावल्यांविषयीही सावध राहावयास हवे, कारण फोनवर त्या फुकट मिळतात आणि पाच मिनिटांत निकाल देतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली केंब्रिज येथील सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांनी २००१ साली तयार केली. तीत ५० विधाने आहेत. मूळ अभ्यासात स्वमग्न गटातील सुमारे ८० टक्के व्यक्तींना ३२ किंवा अधिक गुण मिळाले, सर्वसाधारण गटातील केवळ २ टक्क्यांना. आकडे पाहून वाटते की ३२ गुण म्हणजे निकाल लागलाच. पण गणित करून पाहावे. दहा हजार माणसांत शेकडा एक या दराने शंभर स्वमग्न धरले, तर त्यांतील ऐंशी ३२ च्या वर जातील. उरलेल्या ९,९०० पैकी दोन टक्के, म्हणजे १९८ माणसेही वर जातील. एकूण २७८ जणांत खरे स्वमग्न ऐंशी, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ज्यांना आधीच सबळ शंका आहे त्यांच्यात प्रमाण बरेच वाढेल, तरीही प्रश्नावली ही डॉक्टरकडे जाण्याची सूचना असते, निदान नव्हे. त्यातून तिचे प्रश्न परक्या मातीतले. मेजवानीपेक्षा ग्रंथालय बरे वाटते काय, अशा आशयाचा प्रश्न शेंद्र्यातील तरुणाने कसा सोडवावा? त्याला वरात, पंगत आणि यात्रेतली गर्दी सोसते काय, असे विचारले पाहिजे. वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर न देणे हे एकीकडे लक्षण, तर दुसरीकडे संस्कार!

निदान झाले तरी प्रमाणपत्र ही वेगळी पायरी आहे, आणि येथे आपल्या व्यवस्थेची मोठी फट दिसते. प्रमाणपत्रासाठी एप्रिल २०१६ च्या अधिसूचनेने सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली भारतीय मोजपट्टी स्वीकारण्यात आली. तीत ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ गुण असतात. एकूण ७० च्या खाली गेले की व्यक्ती सामान्य ठरते. आता बाबी पाहा: खेळात पाळी न पाळणे, ‘मी’ आणि ‘तू’ यांची उलटापालट, आलेले बोलणे पुन्हा जाणे. लहान मुलांसाठी आणि तीव्र लक्षणांसाठी हे योग्यच आहे. परंतु ज्याने वीस वर्षे इतरांचे हसणे, मान डोलावणे, हात मिळविणे पाठ करून घेतले आहे, तो मंडळासमोर पंधरा मिनिटे व्यवस्थित बसतो आणि मोजपट्टीत बसत नाही. कारखान्यासाठी तो फार विचित्र आणि प्रमाणपत्रासाठी पुरेसा विचित्र नाही. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मुलीला लहानपणापासून सासरी नांदावयाचे आहे म्हणून वळण लावले जाते, आणि त्या वळणाखाली सारी खूण पुसली जाते.

यामुळे एक प्रश्न अधिक तीव्र होतो. सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ज्या गटाला आहे त्यात स्वमग्नता येते, पण त्यासाठी निदान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ज्याला तेवढे मिळणार नाही त्याने निदान घ्यावेच कशाला?

एक कारण जिवाशी निगडित आहे. स्वमग्न प्रौढ डॉक्टरकडे प्रथम जातो तो स्वमग्नतेसाठी नव्हे; तो जातो निद्रानाश, उदासीनता, भीती यांसाठी. त्यांवर औषधे मिळतात, त्यांची गरजही असते. पण मूळ न कळल्याने उपचार वर्षानुवर्षे लांबतो, आणि क्वचित स्किझोफ्रेनियासारखा चुकीचा शिक्काही बसतो. केंब्रिजच्या एका प्रौढ निदानकेंद्रात आलेल्या ३७४ व्यक्तींचा अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. त्यांतील ६६ टक्के लोकांनी आत्महत्येचा विचार कधी ना कधी मनात आल्याचे सांगितले. हे सर्व प्रौढपणी निदान झालेले लोक होते. हा आकडा शेंद्र्यास जसाच्या तसा लावता येणार नाही. पण चोचल्यांसाठी येणाऱ्या माणसांचा आकडा असा नसतो. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा निदान करीत नाही, पण अशा रात्री मराठीत बोलणारा माणूस तेथे मिळू शकतो.

दुसरे कारण कायद्यातले आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की परीक्षेत लेखनिकासारखी वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. आरक्षणाला टक्केवारी लागते, सोयीला दिव्यांगत्व पुरते. त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी रवींदर कुमार धारिवाल प्रकरणात, मानसिक दिव्यांगत्वाशी निगडित वर्तनाबद्दल कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे ज्या दिवशी तो तरुण लाइनवर ओरडला त्या दिवसाचा अर्थ लावताना निदानाचा कागद फाइलीत असणे आणि नसणे यांत मोठे अंतर पडू शकते. ही दोन्ही प्रकरणे सरकारी सेवेशी संबंधित होती, आणि नोकरीतील भेदभावाविरुद्धचे कायद्याचे विसावे कलमही सरकारी आस्थापनांपुरते आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. खासगी कारखान्याला बांधणारी तरतूद त्यामानाने सौम्य आहे. तिच्याकडे पुढे वळू.

तिसरे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अमर्त्य सेन यांच्या लिखाणातून परिचित असेल. ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या २००९ च्या ग्रंथात ते दिव्यांगत्वाच्या दोन अडचणी वेगळ्या करतात. एक कमावण्यातली, दुसरी कमाईचे सुस्थितीत रूपांतर करण्यातली. दुसरी कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही. सहाजणांच्या खोलीत झोप येत नाही म्हणून स्वमग्न तरुण एकटा खोली घेतो. भरलेल्या बसमध्ये जीव गुदमरतो म्हणून रिक्षा करतो. त्याचा पगार शेजाऱ्याइतकाच, पण महिनाअखेरीस त्याच्याजवळ काही उरत नाही आणि घरचे त्याला उधळ्या म्हणतात. निदानाने पगार वाढणार नाही. पण हा खर्च कशाचा आहे हे त्याला आणि त्याच्या बापाला कळेल. प्रयोगनिष्ठ अर्थशास्त्रासाठी २००२ साली नोबेल मिळविणारे व्हर्नन स्मिथ यांनीही उतारवयात आपण अॅस्पर्गर प्रकारातले असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्यांना प्रमाणपत्राची गरज नव्हती, तरी सांगावेसे वाटले.

निदानाविरुद्धची खरी भीती नोकरीत नाही, लग्नात आहे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखविले की विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात अशी माहिती सारा बाजारच नासवते. आपला स्थळांचा बाजार याहून निराळा नाही. एका भावाचे निदान झाले की बहिणीचे स्थळ मोडेल, म्हणून कागद कपाटात जातो. पुढे भांडण झाले तर हाच कागद न्यायालयात काढला जाईल, अशीही धास्ती असते. या दुसऱ्या धास्तीला आधार थोडा आहे. राम नारायण गुप्ता प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मानसिक विकाराचे नुसते नाव घटस्फोटास पुरेसे नाही. तो अशा स्वरूपाचा व इतक्या प्रमाणात हवा की जोडीदाराने एकत्र राहणे वाजवीपणे अपेक्षिता येऊ नये. पहिली धास्ती मात्र खरी आहे आणि तिला कायद्यात उत्तर नाही. सांगावे की लपवावे, हा निर्णय त्या कुटुंबाचा. लपविलेली गोष्ट लग्नानंतर पत्नीच्या वाट्याला ‘हा माझ्याशी बोलतच नाही’ या रूपाने येते, एवढे मात्र निर्णय घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तज्ज्ञ थोडे असताना त्यांचा वेळ मुलांना द्यावा की प्रौढांना, हा युक्तिवादही टाळता येणार नाही. वेळ मुलांनाच आधी द्यावा. तेथे त्याचा उपयोग अधिक आहे. परंतु प्रौढाला पुष्कळदा जे हवे असते त्यासाठी तज्ज्ञाची गरजच नसते. याचा पुरावा स्वमग्नतेच्या इतिहासातील पहिल्याच माणसाने ठेवला आहे. कॅनर यांच्या निबंधातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट हा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा, १९३३ चा जन्म. लहानपणी काही काळ तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचे वेड होते. जोडप्याने ते मोडून काढले नाही. त्याला विहीर खणण्याच्या कामाला लावले आणि खोली मोजून सांगावयास सांगितले. तो मक्याच्या ओळी मोजत बसे, तेव्हा नांगर हाकता हाकता मोज म्हणाले. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी, तर त्यांच्या दफनासाठी एक कोपरा नेमून दिला. ही माणसे मानसशास्त्र शिकलेली नव्हती. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत लागला, तेथे ६५ वर्षे काम केले, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि जून २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. कॅनर यांनी १९७१ साली त्या अकरा मुलांचे पुढे काय झाले ते पाहिले, तेव्हा जी सरकारी आश्रयगृहांत गेली होती त्यांची दशा करुण होती. दोन गोष्टी विसरू नयेत. डोनाल्डच्या आईच्या माहेरचा त्या बँकेशी मालकीचा संबंध होता. आणि गावाने त्याला ‘आमचा डोनाल्ड’ म्हणून वागविले. पहिली गोष्ट शेंद्र्याच्या कामगाराला मिळणार नाही. दुसरीला भांडवल लागत नाही.

इंग्लंडने प्रौढांकडे पाहावयास २००९ साली स्वतंत्र कायदा केला. तेथेही निदानासाठीच्या रांगा लांब आहेत. जर्मनीच्या सॅप कंपनीने २०१३ पासून स्वमग्न व्यक्तींना हेतुपुरस्सर कामावर घेण्यास आरंभ केला, आणि त्या प्रयोगाच्या सुरुवातीच्या ठिकाणांत भारतही होता. शेंद्र्यात एवढे मोठे काही करावयाची गरज नाही. सूचना तोंडी न देता लिहून द्याव्या. पाळी बदलावयाची तर पुरेसे आधी सांगावे. कानांवर आवाजरोधक लावून जेवावयाचे असेल तर जेवू द्यावे. उत्तम ऑपरेटरला माणसे न सांभाळता वरची वेतनश्रेणी मिळेल अशी दुसरी शिडी ठेवावी. यांपैकी शेवटच्या गोष्टीलाच काय तो खर्च आहे, आणि अनुभवी हात गमावण्याच्या खर्चापुढे तो फार नाही. या सोयी मागणाऱ्याकडे टक्केवारी मागू नये, आणि शक्य तर निदानही मागू नये; त्या इतरांनाही सुखाच्याच आहेत.

खासगी कारखान्यांना बांधणारी तरतूद ती हीच. दिव्यांग हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावयाचे आहे. २०१७ च्या नियमांतील आठव्या नियमाप्रमाणे वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात कोणत्या सोयी मिळतील, बढती व बदलीत काय सवलत आहे, आणि यासाठी कोणता संपर्क अधिकारी नेमला आहे हे नमूद करावे लागते. ते संकेतस्थळावर, नाही तर आवारात ठळक जागी लावावयाचे असते. शेंद्र्यातील कामगाराने आपल्या कारखान्याच्या फलकावर तो कागद आहे काय, तो मराठीत आहे काय, आणि त्यावरील एकवीस प्रकारांच्या यादीत स्वमग्नता हा शब्द छापला आहे काय, हे उद्याच्या पाळीला जाताना पाहून घ्यावे.